फोटोखाली काय लिहायचं

जुम्वाचा बाप अमेरिकेहून परत आलाय, ही बातमी तिच्याआधी पाणवठ्यावर पोचली होती. पिवळा डबा घेऊन ती नळावर गेली तेव्हा बायकांची कुजबुज एकदम थांबली. शेजारीण न्येवूला मात्र राहवेना.

"अगं, तुझा बाप म्हणे विमानातून आला! आपण मेलो तरी मोंबासाच्या पुढे जायचो नाही, आणि म्हातारा बघ कसा मिरवून आला."

बायका हसल्या. जुम्वा हसली नाही. तिने डबा तिथेच ठेवला आणि ती घराकडे चालू लागली. अंगणात तिचा मुलगा कहिंदी संग्रहालयाचं पत्र हातात घेऊन तिची वाट बघत उभा होता.

बाप म्हणजे बापाचा खांब. हिंझानो मोठा माणूस होता. त्याची माती झाल्यावर दोनेक वर्षांनी तो मुलांच्या स्वप्नात येऊ लागला. मला थंडी वाजते म्हणायचा, मला उभं करा म्हणायचा. मग थोयाने, जुम्वाच्या थोरल्या भावाने, बकरा कापला, कारागीर बसवला आणि किगांगो, म्हणजे मेलेल्याच्या नावाचा खांब, घडवून घेतला. पुरुषभर उंचीचा, कठीण लाकडाचा, वाटोळ्या डोक्याचा, छातीवर तांबड्या-पांढऱ्या त्रिकोणांच्या रांगा कोरलेला. थोयाने तो स्वतःच्या हाताने घराशेजारी पुरला, ताडी ओतली, आणि म्हातारा स्वप्नात यायचा थांबला. किगांगो एकदा पुरला की हलवायचा नसतो. घर हललं, गाव हललं, तरी त्याने तिथेच कुजून मातीत जायचं. जुम्वा येता-जाता त्याच्याशी बोलायची. आज तुमची नात रांगली, आज मका कमी निघाला, असलं काहीबाही.

१९८६ साली एका सकाळी तिथे नुसता खड्डा होता.

त्या वर्षांत किनारपट्टीवर असे बरेच खड्डे पडले. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरायच्या आणि खांब नाहीसे व्हायचे. पण गाड्यांना वाट कोणीतरी घरचाच दाखवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुम्वाचा नवरा त्सुमा माडाची ताडी काढणारा. पहाटे झाडावर असायचा, त्यामुळे दूरवरचं त्याला दिसायचं. त्याने पंचांसमोर सांगितलं, "मी माडावर होतो. थोया जीपमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसलेला मी बघितला." थोया तेव्हा समुद्राकाठच्या एका हॉटेलात आचारी होता. गोऱ्यांची भाषा त्याला येत होती. लोकांना तेवढं पुरलं.

थोया म्हणाला, मी दिव्य करतो. कुऱ्हाडीचं पातं विस्तवात लाल केलं आणि त्याच्या तळव्याला टेकवलं. निर्दोष माणसाचा हात भाजत नाही म्हणतात. थोयाचा भाजला. भर चौकात, सगळ्या गावासमोर, सत्तावीस वर्षांची जुम्वा पुढे झाली आणि ओरडली, "हा माझा भाऊ नाही. बाप विकणारा हा कुत्रा माझा कुणी नाही." त्याच दिवशी थोया फडक्यात हात बांधून गाव सोडून गेला.

पुढची दोन वर्षं पाऊस रुसला. जुम्वाची दोन वर्षांची लेक दामा तापात गेली. तिच्या इवल्या मातीच्या ढिगाऱ्याजवळ बसून जुम्वाने भावाला शाप दिले, आणि त्सुमा तिचा खांदा धरून शेजारी उभा राहिला. या सगळ्याला आता अडतीस वर्षं झाली होती.

शहरातल्या संग्रहालयात जुम्वा कधी पाऊल टाकणार नव्हती. तिच्या लेखी ते पाहुण्यांचं ठिकाण. दारावर तिकीट, आत काचा, आणि काचेमागे कुणाकुणाच्या घरातून उचललेल्या वस्तू. पण पत्रावर सही करणारी मुलगी स्वतःच पुढच्या आठवड्यात बोडाबोडावर, भाड्याच्या मोटरसायकलवर बसून, धुळीने माखून अंगणात हजर झाली. लुवुनो तिचं नाव. पलीकडच्याच गावची निघाली.

"आजी, अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने सत्तावीस खांब परत पाठवलेत," ती म्हणाली. "सोळांची घरं सापडलीत. एकावर तुमच्या गावाचं नाव आहे. तुम्ही येऊन ओळखा."

"ओळखून काय करू? तुम्ही काचेतच ठेवणार ना?"

"पूर्वी ठेवलं असतं. आधी आमचं काम एकच होतं, वस्तू आली की कुलूप लावायचं. आता आम्ही आधी विचारतो, ही कुणाची? मालक म्हणेल तसं. ठेवा म्हणाला तर ठेवू, न्यायची म्हणाला तर गाडीसुद्धा आमची."

जुम्वाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझ्या साहेबाला हे ठाऊक आहे का, की तूच आपली बोलतेस?"

लुवुनो हसली. "साहेबांना ठाऊक आहे. आवडलेलं नाही, पण ठाऊक आहे."

त्सुमा माडाखाली बसून हे ऐकत होता. जायचा दिवस उजाडला तेव्हा त्याची पाठ धरली. "तुम्ही जा," तो म्हणाला. "मला गाडीत बसवत नाही." जुम्वाने गरम तेलाने त्याची पाठ चोळून दिली आणि ती कहिंदीबरोबर निघाली.

खांब मागच्या कोठारात एका लांब टेबलावर निजवले होते. जुम्वा एकेकाजवळून चालत गेली आणि सातव्यापाशी थबकली. डाव्या बगलेला कारागिराची वाकस घसरून एक खोक पडली होती. त्यावरून थोयाने तेव्हा कारागिराशी केवढं भांडण केलं होतं! तिने खोकेत बोट घातलं. पायाकडे एक आकडा रंगवला होता, पितळी चकती ठोकली होती.

"हेच," ती म्हणाली. "बाबा, किती हो वाळलात."

तिने कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या, रंगीत कापडाच्या गाठीतून ताडीची छोटी बाटली काढली तसा कोठाराचा जुना रखवालदार पुढे सरसावला. "ए आजी, इथे ओलं काही चालत नाही!"

"चालू दे आज," लुवुनो म्हणाली.

"तीस वर्षं मी इथे पाण्याची बाटली येऊ दिली नाही," रखवालदार कुरकुरला, "आणि आता ताडी ओततायत. उद्या बकरा आणा म्हणावं." पण तो बाजूला झाला, आणि जुम्वा ओतू लागली तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली.

ती बराच वेळ बापाशी बोलत बसली. कोण जन्मलं, कोण मेलं, सगळं सांगितलं. दामाचं सांगितलं. उठली तेव्हा तिचं अंग हलकं झालं होतं. मग लुवुनोने तिला खोलीत नेऊन खुर्ची दिली, दार लोटलं, आणि टेबलावर एक करड्या रंगाची फाईल ठेवली. लुवुनोने मात्र ती लगेच उघडली नाही.

"आजी, खांबाबरोबर ही फाईल आली. कुणी घेतला, कुणाकडून घेतला, ते व्यापाऱ्याने लिहून ठेवलं होतं. आमचा नवा नियम आहे, घरच्यांपासून काही लपवायचं नाही. यात एक फोटो आहे. तुम्ही बघायलाच हवा असं नाही."

"थोयाचा असेल," जुम्वा म्हणाली. "दाखव. अडतीस वर्षं मनात बघतेच आहे."

फोटोचे रंग उडाले होते. जीपचा मागचा भाग. गोणपाटावर आडवा टाकलेला खांब. शेजारी एक तरुण, हात जीपच्या टपावर, दात दाखवत हसणारा. जुम्वाची नजर तोंडाच्या आधी त्याच्या सदऱ्यावर गेली. सदऱ्याचा खिसा फुलाफुलांचा होता. मूळचा खिसा फाटला म्हणून तिने आपला लग्नातला लेसो कापून तो शिवला होता. तसा सदरा साऱ्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

"मागे काय लिहिलंय?" तिने विचारलं.

लुवुनोने वाचलं. "विकणारा, त्सुमा. मृताचा जावई."

कहिंदी उठून खिडकीशी गेला. जुम्वा फोटो धरून तशीच बसली. रडू आलं नाही. तिला आठवलं, त्या वर्षी घरात काळी कोरी सायकल आली होती. मोंबासाच्या मामाने दिली, असं त्सुमा म्हणाला होता. कहिंदीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच सायकलवर मागे बसून, नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून ती दवाखान्यात गेली होती. देवाने चांगला नवरा दिला, असं तिला सगळ्या वाटेवर वाटत होतं.

"आणखी एक विचारायचं होतं," लुवुनो हळूच म्हणाली. "नव्या दालनात आम्ही फक्त खांब दाखवणार नाही. ते गेले कसे, तेही सांगणार आहोत. हा फोटो भिंतीवर लावावा असं माझ्या मनात आहे. पण तुमची हरकत असेल तर लावणार नाही. साहेबांचं तर म्हणणं आहे, नकोच, गावात भांडणं लागतील."

"मग सांगते," जुम्वा म्हणाली.

घरी पोचली तेव्हा त्सुमा माडाखालीच होता, नळीने ताडी ओढत. पाठ बरी झालेली दिसत होती.

"मिळाला का म्हातारा?" त्याने विचारलं.

"मिळाला. कहिंदीचे बाबा, तुमचा तो फुलांच्या खिशाचा सदरा कुठे गेला हो?"

त्याने नळी तोंडातून काढली. कुणीतरी कधीतरी हे विचारणार, हे जणू त्याला माहीत होतं. "फोटो काढला होता त्या गोऱ्याने," तो म्हणाला. "मी विसरूनच गेलो होतो."

"मी माझा भाऊ विसरले, ते?"

"तरुण होतो गं. सायकल हवी होती. तो म्हणाला, लाकूडच तर आहे."

"आणि पंचांसमोर थोयाचं नाव घेतलंत, ते कशासाठी?"

"कुणाचं तरी घ्यायलाच हवं होतं. लोक माझ्याकडे बघायला लागले होते."

"दामाच्या मातीपाशी मी त्याला शाप देत होते. तुम्ही माझा खांदा धरून उभे होता. तेव्हा तरी?"

"तेव्हा कसं बोलणार होतो?" त्सुमाचा आवाज चढला. "तू मला जिवंत ठेवलं असतंस? एकदा बोललो ते बोललो. खोट्याचं माडासारखं असतं, कहिंदीची आई. एकदा वर गेलं की मधूनच उडी मारता येत नाही. आणि नंतर वाईट वागवलं का मी तुला? कधी हात उचलला? दुसरी बायको केली? अडतीस वर्षं..."

"अडतीस वर्षं चांगले वागलात, तेच तर," जुम्वा म्हणाली. "वाईट वागला असतात तर संशय तरी आला असता."

त्या संध्याकाळी तिने आपली चटई, दोन लेसो आणि स्वयंपाकाचं मडकं उचललं आणि ती अंगणापलीकडे सुनेच्या घरात गेली. मध्ये फक्त पंधरा पावलांचं अंतर, पण सकाळी साऱ्या गावाने ते मोजलं.

तिसऱ्या दिवशी ती बसने गारसेनला गेली. थोया तिथे स्टँडजवळ मंदाझी, मैद्याचे तळलेले वडे, आणि चहा विकतो, हे तिला माहीत होतं. लोक सांगायचे आणि ती तोंड फिरवायची. आता ती त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसली. थोया म्हातारा झाला होता, बापासारखाच वाळला होता. त्याने तिला पाहिलं, ओळखलं, आणि इतर गिऱ्हाइकांना द्यायचा तसा चहा पुढे ठेवला. "साखर आत आहे," म्हणाला.

"दादा..."

"गिऱ्हाइकं मला थोया म्हणतात."

जुम्वाने चहाला हात न लावता सगळं सांगितलं. फोटो, सदरा, मागे लिहिलेलं. थोया मंदाझी तळत होता. मधे त्याचा झारा एकदाच थांबला, पुन्हा चालू झाला.

"झालं सांगून?" त्याने विचारलं.

"मला माफ कर."

"कागदाने सांगितलं तेव्हा तुला पटलं," थोया म्हणाला. "त्या दिवशी मी सांगितलं होतं. तुझ्या पायाशी बसून सांगितलं होतं, जुम्वा, मी नाही. मी तुला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचो, तो मी. मी सांगून पटलं नाही. अमेरिकेतल्या गोऱ्याने पेन्सिलने लिहिलं, तेव्हा पटलं."

"तुझा हात भाजला होता, दादा."

त्याने तिच्यासमोर तळवा धरला. कातडी अजून चकचकीत होती, दोन बोटं मिटत नव्हती. "लाल लोखंड आहे ते. सगळ्यांचे हात भाजतात. तुझाही भाजला असता. पण तुला कोण लावणार होतं?"

मग त्याने झारा खाली ठेवला आणि तो पुन्हा बोलला, आता हळू आवाजात, म्हणून जास्त लागणारं. "आणि माफी मागायला इथे आलीस, माझ्या दुकानात, कुणी ऐकणार नाही अशा जागी. कुत्रा म्हणालीस ते चौकात. शे-दोनशे माणसं होती. कानात सांगून ते धुतलं जाईल होय?"

परतीच्या बसमध्ये तिने लुवुनोला फोन लावायला शेजारच्या बाईला सांगितलं. नंबर कागदावर होता.

"फोटो लाव," ती म्हणाली. "नाव लिही. पण नुसतं त्यांचं नको, माझंही लिही. जुम्वाने आपल्या निर्दोष भावाला, थोयाला, गावासमोर चोर म्हटलं. तो चोर नव्हता. एवढं मोठ्या अक्षरांत लिही. फोटोखालीच."

"आजी, तुमचं नाव कशाला? तुमची तर फसवणूक झाली."

"माझी झाली. त्याची मीच केली."

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. गावचे दोन वडीलधारे आले, अंगणात बसले, ताडी प्याले आणि म्हणाले, घरची भांडणं शहराच्या भिंतीवर टांगायची नसतात. त्सुमा त्यांच्यामागे उभा होता. ते गेल्यावर तो सुनेच्या दाराशी आला. जुम्वाने इतक्या वर्षांत त्याला असं गयावया करताना पाहिलं नव्हतं.

"नातवंडांच्या शाळेची सहल तिथे जाते. पोरं काय म्हणतील, आजोबा चोर? मी आता किती दिवसांचा? मेल्यावर लाव."

"थोयाला कुणी विचारलं होतं का, तू मेल्यावर चोर म्हणू का म्हणून?" जुम्वा म्हणाली. "आणि पोरांना कळू दे. आमच्या घरात काय लपलंय, ते मला एका परक्या खोलीत खुर्चीवर बसून कळलं. त्यांना तसं नको."

ती न्येवूसकट सगळ्यांची बोलणी ऐकत राहिली. "नवऱ्याला उघडं करणारी बाई मी पहिल्यांदाच बघते," न्येवू नळावर म्हणाली. जुम्वाने डबा भरला, डोक्यावर घेतला आणि ती चालू लागली.

दालन उघडलं त्या दिवशी संग्रहालयाने बस पाठवली होती. जाणार नाही म्हणणारे सगळेच त्या बसमध्ये होते, शेजाऱ्याची लाज फुकटात बघायला मिळत असताना कोण सोडतो? साहेबांचं भाषण झालं, शाळेच्या मुली नाचल्या. मग लोक भिंतीकडे वळले. लुवुनो फोटोखालचा मजकूर वाचू लागली, आपल्याच बोलीत, म्हणून कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. त्सुमाचं नाव आलं तेव्हा लोक हुं-हुं करत होते. जुम्वाचं नाव आलं तेव्हा शांत झाले. जुम्वा भिंतीलगत उभी होती. पळावंसं वाटत होतं, पण तिने भिंतीला पाठ घट्ट टेकवली.

तेवढ्यात दाराकडची गर्दी दुभंगली. थोया इस्त्रीचा सदरा घालून आला होता. कुणी बोलावलं होतं कोण जाणे. लुवुनोने तर बसभाडंसुद्धा दिल्याचं नाकारलं.

"पहिल्यापासून वाच," तो लुवुनोला म्हणाला.

तिने वाचलं. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. थोया भाजलेला हात मागे धरून फोटोसमोर उभा राहिला. मग वळून त्याने जमलेल्यांच्या तोंडाकडे, एकेकाच्या, सावकाश पाहून घेतलं. वडीलधाऱ्यांपैकी एकाने मान खाली घातली. थोयाचा हात भाजला त्या दिवशी कुऱ्हाड त्यानेच धरली होती.

खांबाचं काय, याचा निर्णय थोयानेच दिला. काचेत नको, जुन्या खड्ड्यातच. साहेब म्हणाले, पुन्हा चोरीला गेला तर? थोया म्हणाला, "गेला तर यावेळी आम्हाला आधी घरात शोधायचं हे तरी कळलंय." पितळी चकती त्याने चिमट्याने उपटली. रंगवलेला आकडा निघेना, तो तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी संग्रहालयाच्या गाडीने हिंझानो गावी आला. थोयाने दोन बोटं मिटत नसतानाही कुदळ धरून स्वतः खड्डा मोकळा केला, बकरा कापला, ताडी ओतली. बापाला काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. जुम्वाने मक्याच्या पिठाची सिमा, पालेभाजी आणि नारळात शिजवलेली कोंबडी करून ठेवली होती. सगळे जेवले. थोया जेवला नाही. त्याने न्येवूच्या अंगणात जाऊन पाणी मागितलं, उभ्याउभ्याच प्याला आणि पिशवी उचलली. जाताना जुम्वाशेजारून गेला, आणि न थांबता म्हणाला, "माती भुसभुशीत आहे. पावसाआधी बुंध्याशी दगड रचून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जुम्वा ओढ्यातून दगड आणत राहिली. कहिंदीने मदत केली, सुनेनेही. दुपारकडे त्सुमा एक मोठा दगड पोटाशी धरून, धापा टाकत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिने हात पुढे केला नाही. त्याने तो खाली ठेवला, थोडा वेळ घाम पुसत थांबला आणि माडाकडे निघून गेला. जुम्वाने तो दगड पायाने बाजूला सारला आणि ती पुढची खेप आणायला ओढ्यात उतरली.